भोजराजभाऊंची मनाली

साकोलीत हायवेला लागून 'गिऱ्हेपुंजे पाइप्स अँड सॅनिटरी' नावाचं दुकान आहे. बाहेर काळ्या-निळ्या टाक्यांचा ढीग, आत नळ, बेसिन, कमोड आणि ह्या सगळ्याच्या मधोमध फिरत्या खुर्चीवर भोजराजभाऊ. पन्नाशी ओलांडलेला गडी. केस काळे कुळकुळीत केलेले, बोटांत अंगठ्या आणि खिशाला दोन पेन, ज्यातलं एकही उमटत नाही. पाइपच्या धंद्यात आपला हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कोणी नाही, हे ते स्वतःच सांगतात, त्यामुळे दुसऱ्या कोणाला तसदी पडत नाही.

भोजराजभाऊंना आयुष्यात फार काही नको होतं. पाहुण्यानं घरात पाय ठेवावा, वर बघावं, खाली बघावं आणि "बाप्पा!" म्हणावं, एवढंच. ह्या एका उद्गारासाठी त्यांनी काय काय सोसलं ते त्यांच्या बायकोला, चंद्रकांताबाईंना विचारावं. गल्लीत पहिला बसायचा कमोड त्यांच्याकडे आला, तेव्हा पाहुण्यांना चहाच्या आधी संडास दाखवला जायचा आणि फ्लश ओढून दाखवायचा मान भाऊ कोणाला देत नसत. मग नागझिऱ्याच्या रस्त्याला बंगला बांधला आणि अंगणात कारंजं बसवलं. उन्हाळ्यात त्यात पाणी नसायचं, पावसाळ्यात डास असायचे. हिवताप खात्याचा माणूस येऊन औषध टाकून गेला, तर भाऊंनी त्याच्यासोबत कारंज्यापाशी उभं राहून फोटो काढला. त्यानंतर रिमोटचं फाटक आलं. लाइन गेली की ते उघडायचं नाही. ऐन दिवाळीत नवा कुर्ता घालून कंपाउंडच्या भिंतीवरून उडी मारणारे भोजराजभाऊ निम्म्या साकोलीनं पाहिले आहेत.

इतकं करूनही सिमेंटवाला सेवकराम पुढं गेलाच. त्यानं आपल्या दुमजली घरात लिफ्ट बसवली. वर जायला जिन्यापेक्षा जास्त वेळ घेणारी, पण लिफ्टच. बघायला गेलेल्या भाऊंच्या तोंडून "बाप्पा!" निघून गेलं आणि ते त्यांना पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं.

त्याच हिवाळ्यात भाऊ आणि चंद्रकांताबाई मनालीला गेले. बाकीचे प्रवासी बर्फात लोळून आले, घोड्यावर बसून आले. भाऊ एक दिवस वर घाटात गेले, तिथं डोकं गरगरलं म्हणून परत आले, आणि मग हॉटेलच्या हॉलमधून हललेच नाहीत. तिथं भिंतीत एक कोनाडा होता आणि कोनाड्यात लाकडं जळत होती. समोर साहेबी टोप्या घातलेले लोक पाय लांब करून बसले होते. भाऊ त्या आगीकडे असे बघत बसले की वेटरनं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना.

परतीच्या गाडीत त्यांनी जाहीर केलं, "आपल्या हॉलमंदी हे पायजे."

चंद्रकांताबाई आंबागडच्या. लग्न होईस्तोवर किल्ल्याच्या पायथ्याशी चुलीवर रांधत आलेल्या. धुरानं डोळे चोळण्यात निम्मं बालपण गेलं. गॅस आला तेव्हा त्यांनी सिलेंडरला हळदकुंकू वाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "अवो, चुलीतून सुटली म्हनून मी देवाचे आभार मानले. आता तुमी चूल हॉलमंदी आनून राहिले?"

"चूल नाही वो ते. फायरप्लेस म्हंतेत त्याले."

"लाकडं जळते का नाही त्याच्यात?"

"जळते. पन टोपी घालून पाहा लागते."

डोमा मिस्त्रीला बोलावणं गेलं. डोमानं आयुष्यात घरं बांधली, गोठे बांधले, एक देऊळही बांधलं, पण घरातल्या घरात आग ठेवायची जागा मुद्दाम बांधायला त्याला पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. भाऊंनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. डोमानं तो निमूट पाहिला आणि कामाला लागला. भिंतीत कमानीचा ऐसपैस कोनाडा झाला, त्यावर लाल दगड बसला, आणि धुराडं छतातून बाहेर निघालं.

पहिल्यांदा पेटवलं तेव्हा धूर वर सोडून बाकी सगळीकडे गेला. पडद्यांत गेला, सोफ्यात गेला, छताच्या पीओपीच्या गुलाबांत जाऊन बसला. देवघरातल्या देवांना खोकला येतो की काय असं चंद्रकांताबाईंना वाटलं. भाऊंनी डोमाला फैलावर घेतलं.

"व्हिडिओत वरचा भाग दिसतच नव्हता जी," डोमा म्हणाला. "वरचं मी अंदाजानं बांधलं."

माणूस शहाणा असता तर कोनाड्यात गणपती बसवून मोकळा झाला असता. भाऊंनी तीन रात्री मोबाईल चोळला आणि त्यांना इन्सर्ट सापडलं. इन्सर्ट म्हणजे बिडाची जाड पेटी. तिला काचेचं दार. बांधलेल्या कोनाड्यात ती आख्खी सरकवायची, तिच्या डोक्यावरून स्टीलची नळी धुराड्यातून थेट छताच्या वर न्यायची. धूर नळीतून जातो, उष्णता खोलीत राहते आणि काचेतून जाळ दिसतो. जाळ दिसतो, हे वाचून भाऊंनी नागपूरच्या कंपनीला फोन लावला.

कंपनीचा इंजिनिअर येणार म्हणून भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे. पिकअपमधून उतरली ती रुचिका. पंचविशीची पोरगी, पायात जाड बूट, हातात टॉर्च आणि मोजपट्टी. भाऊंनी गाडीत अजून कोणी आहे का, हे वाकून पाहिलं. दोन फिटर होते. ते "मॅडम, शिडी कुठं लावू?" म्हणून तिलाच विचारत होते.

रुचिकानं कोनाड्यात डोकं घालून वर टॉर्च मारला आणि बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या नाकाला काजळी होती.

"काका, हे धुराडं खाली विहिरीसारखं आणि वर बाटलीसारखं आहे. शिवाय छतावरच्या टाकीपेक्षा बुटकं. धूर वर गेला तरी वाऱ्यानं परत खाली येणार. आधी हे उंच करू."

"काका" हा शब्द भाऊंना रुचला नाही. सर म्हणायला हरकत नव्हती. पण "बाप्पा" ऐकायचं तर एवढं सोसायला हवं होतं.

काम तीन-चार दिवस चाललं. धुराडं घासून साफ झालं, छताच्या वर चांगलं उंच गेलं. पेटीखालची जमीन आणि समोरचा पट्टा दगडी फरशीचा झाला, म्हणजे दार उघडताना निखारा उडाला तर गालिचा पेटायला नको. मग नळीची वेळ आली आणि भाऊ आडवे आले. पाइप विकण्यात हयात गेली आणि आता आपल्याच घरात दुसऱ्याचा पाइप!

"नळी आपल्या दुकानची टाकू. पीव्हीसी, हेवी क्वालिटी. चाळीस वर्षं काही होत नाही त्याले."

रुचिकानं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, थट्टा चालली आहे की काय म्हणून. "काका, पीव्हीसी तासाभरात वितळेल आणि त्याचा धूर तुमच्या छातीत जाईल."

"मंग लोखंडी पत्र्याची टाकू. पत्र्याले काय होते?"

"दोन हिवाळ्यांत गंजून भोकं पडतील आणि ती तुम्हाला बाहेरून दिसणार नाहीत. स्टीलच लागेल. वरून खालपर्यंत एकच, मध्ये जोड नाही, आणि तिच्याभोवती उष्णता अडवणारं लोकरीसारखं आवरण. हे नसेल तर मी पेटी बसवत नाही. परत नेते."

'परत नेते' ऐकल्यावर भाऊंचं पाइपशास्त्र आटोपलं. नळी वरून खाली सोडली, पेटीच्या तोंडाला घट्ट बसवली, कोनाड्याच्या कडा पट्टीनं बंद केल्या, वर पाखरं शिरू नयेत म्हणून जाळीची टोपी बसली. मग रुचिकानं दोघा नवराबायकोला समोर बसवलं. चंद्रकांताबाई खुर्ची ओढून पुढं सरकल्या. भाऊ म्हणाले, "तिले काय सांगता? मले सांगा. चालवनार मी हाओ."

"घरात दोघं राहता ना? मग दोघांनी ऐका," रुचिका म्हणाली.

तिनं सांगितलं ते असं. लाकूड वर्षभर सावलीत वाळलेलंच हवं. एकमेकांवर आपटल्यावर टणटण वाजलं पाहिजे, बद्द वाजलं तर ते ओलं. खालची हवेची दांडी पेटवताना पूर्ण उघडी, नंतरही पूर्ण बंद करायची नाही. आग गुदमरली की धुरातलं डांबर नळीत चिकटतं आणि एक दिवस तेच पेट घेतं. खिडकी बोटभर उघडी हवी. स्वयंपाकघरातली विजेची चिमणी त्या वेळी बंद, कारण ती घरातली हवा बाहेर फेकते आणि मग धुराड्यातला धूर खाली ओढला जातो. पेटीच्या वर आणि समोर हातभर अंतरात जळेल असं काही नको. राख लोखंडी बादलीत, झाकण लावून, घराबाहेर. आणि भिंतीवर हा अलार्म. विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं की आपण दमलो आहोत. अलार्म वाजला की आधी बाहेर पडायचं.

भाऊ ह्या सगळ्या वेळात काचेच्या दारात स्वतःचं प्रतिबिंब बघून टोपी कशी दिसेल ह्याचा अंदाज घेत होते. शेवटी त्यांनी "समजलं, समजलं" म्हटलं आणि पेटीसोबत फोटो काढला. रुचिका जाताना चंद्रकांताबाईंनी तिचा नंबर मागून घेतला आणि फ्रिजवर चिकटवला.

पिकअप वळणाआड गेली आणि भाऊंनी सुधारणा सुरू केल्या. पेटीच्या वरची भिंत त्यांना उघडीबोडकी वाटली. तिथं सागवानी फळी बसली. फळीवर मोठा टीव्ही बसला, आणि टीव्हीच्या बाजूला वडिलांचा फोटो, प्लास्टिकच्या मोगऱ्याचा हार घातलेला. तीन-चार दिवसांत एसीच्या रिमोटचे सेल संपले. भाऊंनी इकडंतिकडं शोधलं आणि अलार्म उघडला. नेमके तेच सेल निघाले. वाजत तर नाहीच आहे, मग कशाला वाया घालवायचे, असा विचार त्यांनी केला. तो विचार करताना आपण काटकसरी आहोत ह्याचं त्यांना बरंही वाटलं.

लाकडाचं तर विचारूच नका. डेपोत वाळकी, भेगाळलेली लाकडं पडली होती. भाऊंना ती गरिबांची वाटली. त्यांनी ऐनाचे ताजे, जाडजूड, सालीसकट ओंडके आणले. दिसायला अगदी मनाली. पेटीत टाकले की ते आधी सुंई-सुंई करून रडायचे, टोकाला फेस यायचा, मग कुठं धुमसायला लागायचे. ओंडका रात्रभर पुरावा म्हणून भाऊ हवेची दांडी जवळजवळ बंद करून ठेवायचे. परिणाम असा झाला की आठवड्याभरात काच काळी ठिक्कर पडली. साकोलीतली मंडळी मोठ्या कौतुकानं आग पाहायला यायची आणि एका काळ्या चौकोनासमोर बसायची.

"कुठं हाय जी आग?"

"आतमंदी हाय. फिलिंग घ्या."

मंडळी बिचारी फिलिंग घ्यायची. चंद्रकांताबाई दुसऱ्या दिवशी राख लावलेल्या ओल्या कागदानं काच घासायच्या आणि संध्याकाळी ती पुन्हा काळी. एकदा त्या म्हणाल्या, "त्या पोरीनं सांगितलं होतं ना, ओलं लाकूड नोको म्हनून?"

"ते कंपनीवाले तसंच सांगतेत. मंग त्यांचंच लाकूड घ्या लागते." कंपनी लाकूड विकत नव्हती. पण भाऊंच्या जगात प्रत्येक जण काही ना काही विकतच असतो.

जानेवारी उजाडला आणि सेवकरामला बोलवायचं ठरलं. लिफ्टचा हिशेब चुकता करायचा होता. सेवकराम आणि त्याची बायको रिता, शिवाय बाजारपेठेतली आणखी चार-सहा माणसं. चंद्रकांताबाईंना पोह्यांचा चिवडा, भजी आणि कॉफीचा हुकूम झाला. मनालीला कॉफी होती.

आमंत्रणाच्या दिवशी नेमकं आभाळ आलं. ढग आले की थंडी पळते, हे भंडारा जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. संध्याकाळी पाहुणे अर्ध्या बाहीच्या शर्टांत आले. हॉलमध्ये पेटीसमोर भाऊ लोकरीचा कोट, मफलर आणि कुल्लूची टोपी घालून उभे, कपाळावरून घामाचे ओघळ. अशा हवेत आगीचं कौतुक कोणाला असणार? भाऊंनी घटकाभर विचार केला आणि सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. मग एसी सोळावर टाकला.

ह्याहून मोठं दृश्य साकोलीनं पाहिलेलं नाही. एका भिंतीवर एसी थंडी ओतत होता, समोरच्या भिंतीत ऐनाचे ओले ओंडके धुमसत होते, आणि मधे माणसं रिता वहिनींच्या शालीत आळीपाळीनं हात घालून बसली होती.

"आता कसं वाटते?" भाऊंनी विचारलं.

"थंडी वाजते जी," सेवकराम म्हणाला.

"हेच! हेच पायजे होतं!"

आत चंद्रकांताबाई भजी तळत होत्या. त्यांनी स्वयंपाकघराची चिमणी बंद ठेवली होती. भाऊ तरातरा आत आले. "भज्याचा वास हॉलमंदी येऊन राहिला. मनालीले असा वास होता का? लाव ते चिमनी."

"ते लावाची नाही म्हनून सांगितलं होतं ना तिनं?"

"तू भजे तळ." त्यांनी स्वतःच बटन दाबलं, सगळ्यात वरचा वेग, आणि मधलं दार लोटून घेतलं. दाराच्या फटीतून चिमणी हॉलमधली हवा ओढतच राहिली.

हॉलमध्ये धूर फारसा दिसत नव्हता. धुमसणारी आग धुरानं ओरडत नाही, ती गुपचूप काम करते. आधी रिता वहिनींना जांभया आल्या. मग पाहुण्यांतल्या किराणावाल्याचं डोकं जड झालं. सेवकरामनं एसीतही फुटलेला घाम पुसला आणि म्हणाला, "भाऊ, गरगरून राहिलं जी मले. मळमळतेबी."

भोजराजभाऊंचा चेहरा उजळला. "अरे, सेम! मनालीले पहिल्या दिवशी असंच होते. मलेबी झालं होतं, घाटात. उंचीचा परिनाम असते तो."

साकोलीत, समुद्रसपाटीपासून उंची विचारायची कोणाला कधी गरज पडली नाही अशा गावात, लोकांना उंची लागली म्हणून भाऊंना भरून आलं. त्यांचं स्वतःचंही डोकं ठणकत होतं. त्यांनी ते मफलर घट्ट बांधून साजरं केलं. भिंतीवरचा अलार्म पोट रिकामं असल्यामुळे गप्प होता.

चंद्रकांताबाई भज्यांचं ताट घेऊन आल्या. दार उघडताच त्यांना दिसलं: सगळे माना टाकून बसलेले, रिता वहिनी डोळे मिटून भिंतीला टेकलेल्या, आणि नवरा टोपी घालून हसतो आहे. ताट तिथंच जमिनीवर आदळलं.

"उठा! सगळे बाह्यर व्हा! उठा म्हंते ना!"

"काय वो, पाहुन्याइले असं..."

त्यांनी नवऱ्याच्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही. खिडक्या धडाधड उघडल्या, समोरचं दार उघडलं, रिता वहिनींना काखेत धरून ओढत अंगणात नेलं. बाकीचे झोकांड्या देत मागोमाग आले. सेवकरामनं कारंज्याचा कठडा धरला आणि तिथंच वांती केली. बाहेरच्या हवेत दहा-पंधरा मिनिटांनी एकेकाच्या तोंडावर रंग आला. किराणावाला जमिनीवर बसून म्हणाला, "लिफ्ट बरी होती बुवा."

ते वाक्य भाऊंच्या जिव्हारी लागलं. हॉलची हवा आता मोकळी झाली होती, मनात मात्र एकच विचार, ह्यांना आज जाळ दाखवल्याशिवाय सोडायचं नाही. कोणी अडवायच्या आत ते आत शिरले, पेटीचं दार सताड उघडलं, हवेची दांडी पूर्ण ओढली आणि पेटी ज्यातून आली होती त्या फळ्यांच्या खोक्याचे वाळके तुकडे भराभर आत कोंबले. महिनाभर गुदमरलेली ती पेटी. एवढी हवा आणि एवढं वाळकं लाकूड तिला पहिल्यांदाच मिळालं. जाळ भडकला आणि नळीत चढला.

नळीत महिन्याभराचं डांबर बसलेलं होतं. त्यानं पेट घेतला.

आधी भिंतीतून गुरगुर आली. मग ट्रॅक्टर चढावर चढावा तसा घरघराट सुरू झाला आणि तो वाढतच गेला. अंगणातून ओरडा झाला. धुराड्याच्या टोकातून हातभर ज्वाळा निघत होत्या आणि ठिणग्यांचा पाऊस टाकीवर पडत होता. आत टीव्हीचा खालचा काठ ओठासारखा लोंबायला लागला. वडिलांच्या गळ्यातला मोगरा वितळून फोटोवर ओघळला, आणि थोरले गिऱ्हेपुंजे प्लास्टिकचे अश्रू ढाळत पोराकडे बघत राहिले.

भाऊंनी न्हाणीतून पाण्याची बादली उचलून आणली.

चंद्रकांताबाई कानाला फोन लावून आत आल्या होत्या. पलीकडे रुचिका होती. "पाणी टाकू नका! तापलेलं बीड फुटेल, वाफ तोंडावर येईल. दार बंद करा. हवेची दांडी पूर्ण बंद. अग्निशमनला फोन करा आणि सगळे बाहेर राहा."

"बादली ठेवा खाली," चंद्रकांताबाई म्हणाल्या.

"अवो पन आग..."

"ठेवा म्हनलं ना!"

एवढ्या वर्षांत नवऱ्याशी त्या आवाजात त्या कधी बोलल्या नव्हत्या. भाऊंनी बादली ठेवली. बाईंनी पदर हाताला गुंडाळून पेटीचं दार लोटलं, दांडी आत ढकलली आणि नवऱ्याला दंडाला धरून बाहेर काढलं. हवा तुटली तशी गुरगुर हळूहळू बसत गेली. अग्निशमनची गाडी आली तेव्हा ज्वाळा खाली गेल्या होत्या. जवानांनी छत तपासलं, भिंती हात लावून पाहिल्या, वर चढून पुन्हा पाहिल्या. घर शाबूत होतं. आग स्टीलच्या नळीत पेटली आणि नळीतच संपली होती. पीव्हीसीचं नाव त्या वेळी कोणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात भोजराजभाऊंचं नाव धूरराज झालं होतं. ते दुकानात गेले नाहीत. चंद्रकांताबाई डोक्याला रुमाल बांधून पडल्या होत्या. डॉक्टरनं तपासून आराम सांगितला होता. भाऊंनी लग्नानंतर पहिल्यांदा चहा केला. तो चहा होता हे त्यांनी सांगितल्यामुळे कळलं. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी विचारलं, "तुले कसं समजलं वो, लोकं झोपले नाही, बेसुद होऊन राहिले म्हनून?"

"माहा एक मामा होता," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "थंडीत कोळशाची शेगडी घेऊन दार लावून झोपला. सकाळी तोंड असंच होतं त्याचं. शांत. कोनी म्हनन हसून राहिला." मग थोड्या वेळानं, "भजे लवकर तळून झाले काल. अजून एक घाना असता तं?"

भाऊंनी बायकोच्या पायावरचं पांघरूण नीट केलं, जे आधीच नीट होतं. त्या सकाळी त्यांनी केस विंचरले नव्हते आणि मुळाशी पांढरे दिसत होते.

दुपारी रुचिका आली. नळीचा वरचा भाग तापून वाकडा झाला होता. आख्खी नळी बदलल्याशिवाय काडी लावायची नाही, असं तिनं बजावलं. मग अलार्म उघडून बघितला. "ह्याच्यातले सेल कुठं आहेत?"

भाऊंची नजर एसीच्या रिमोटकडे गेली, आणि तिच्यामागोमाग बाकी दोघींची.

"कंपनीनं डबल सेल द्याले पायजे होते," भाऊ म्हणाले. तब्येत सुधारत असल्याची ती पहिली खूण होती.

मात्र त्यांनी ह्या वेळी सगळं ऐकलं, हे मान्य करायला हवं. टीव्ही समोरच्या भिंतीवर गेला. सागवानी फळी निघाली. अंगणात पत्र्याखाली बाभळीची आणि धावड्याची फाडलेली लाकडं वर्षभर वाळली, आणि भाऊ येता-जाता दोन लाकडं एकमेकांवर आपटून कान लावायचे. पुढच्या डिसेंबरात खरी थंडी पडली तेव्हा पेटी पेटली. खिडकी बोटभर उघडी, काच स्वच्छ, आत पिवळाधमक जाळ. इतका सुंदर की चंद्रकांताबाईसुद्धा विणकाम घेऊन समोर बसल्या. अशी थंडी हिवाळ्यात जेमतेम आठवडाभर टिकते. उरलेलं वर्ष पेटीवर प्लास्टिकची फुलदाणी असते.

एवढ्यावर संपलं असतं तर भोजराजभाऊ सुधारले असं म्हणता आलं असतं. पण नागपूरच्या कंपनीला ह्या भागात एजंट हवा होता आणि जंगलाच्या बाजूच्या रिसॉर्टवाल्यांना पर्यटकांसाठी शेकोट्या हव्या होत्या. भाऊंनी एजन्सी घेतली. दुकानाच्या पाटीवर कमोडशेजारी ज्वाळा आल्या. आणि एका रविवारी रिसॉर्टवाल्यांच्या बैठकीत शाल, श्रीफळ आणि 'अग्नी-सुरक्षा तज्ज्ञ' अशी ओळख घेऊन भाऊ माइकपुढं उभे राहिले.

"मित्रहो," ते म्हणाले, "ओलं लाकूड हा मूर्ख मानसाचा धंदा हाय. हवेची दांडी बंद करनारा त्याच्याहून मूर्ख. अलार्मचे सेल काढनारे महाभागबी मी पाह्यले हायेत." लोक हसले. "एकदा माह्या समोर नळी पेटली. लोकं ओरडून राहिले, कोनाले काही सुचेना. मी शांतपने दार बंद केलं, हवा बंद केली. दोन मिनिटांत आग आटोक्यात!"

दुसऱ्या रांगेत चंद्रकांताबाई नव्या पैठणीत बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. सूत्रसंचालकानं कौतुकानं माइक त्यांच्याकडे नेला.

"पान्याची बादली कोन आनली होती जी त्या दिवशी?"

भाऊंच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. "अतिशय चांगला प्रश्न. असे काही अडानी लोकं असतेत, जे घाबरून पानी टाकाले धावतेत. त्याइले अडवा लागते." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या, अंमळ जोरातच.

घरी जाताना गाडीत भाऊ शाल मांडीवर घेऊन बसले होते. गाव जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कसं झालं भाषन?"

चंद्रकांताबाईंनी काचेबाहेर बघत विचार केला.

"माइक चांगला होता," त्या म्हणाल्या.

भाऊंनी समाधानानं मान डोलावली, आणि माइकवाल्याचा नंबर कोणाकडे मिळेल ते विचारायला लागले.